ब्रेस्ट लिफ्ट: कोणत्या पद्धतीने स्तनांना कसा आकार येतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावात प्लास्टिक सर्जरीची प्रॅक्टिस करते. खाली दिलेले बहुतेक प्रश्न बायका तपासणी संपवून, पदर नीट करून, दाराच्या कडीला हात घालता घालता विचारतात. "मॅडम, अजून एक होतं..." असं म्हणून जो प्रश्न येतो, तोच खरा असतो. बाहेर पुढचा नंबर ताटकळलेला असतो, म्हणून तिथं उत्तर घाईत द्यावं लागतं. इथं सविस्तर देते.

यात स्तन मोठे होतात की लहान?

दोन्ही नाही. डॉक्टरी भाषेत या शस्त्रक्रियेला मास्टोपेक्सी म्हणतात. सैल झालेली जास्तीची कातडी काढायची, खाली उतरलेली ग्रंथी वर घेऊन बसवायची आणि स्तनाग्र त्याच्या जागेवर आणायचं, एवढंच तिचं काम. आतलं मांस जवळपास तेवढंच राहतं. तरी पसरलेलं एकत्र गोळा झाल्यामुळे ब्राचा कप एखाद्या नंबरने कमी बसू शकतो. मोठे करायचे असतील तर इम्प्लान्ट, म्हणजे कृत्रिम पिशवी, किंवा चरबी भरावी लागते. लहान करायचे असतील तर ती रिडक्शनची शस्त्रक्रिया. तिचे काप बहुतेक असेच असतात, फक्त आतून वजन काढून टाकतात.

माझे खरंच ओघळलेत, की मलाच वाटतं?

हे घरी बघता येतं. घरात कुठली तरी लग्नपत्रिका पडलेलीच असते. आरशासमोर सरळ उभ्या राहा, हात खाली सोडा आणि पत्रिकेची कड स्तनाखालच्या घडीत आडवी लावा. स्तनाग्र त्या कडेच्या वर असेल तर ओघळ नाही. बरोबर कडेवर असेल तर पहिली पायरी. कडेच्या खाली उतरलंय, पण स्तनाच्या सगळ्यांत खालच्या भागाच्या वर आहे, तर दुसरी. अगदी तळाशी येऊन जमिनीकडे बघतंय, तर तिसरी. ही वर्गवारी १९७६ मध्ये रेन्यो यांनी मांडली आणि अजून आम्ही तीच वापरतो.

एक चौथा प्रकारही आहे. स्तनाग्र जागेवर असतं, पण त्याच्याखालचा भाग पिशवीसारखा उतरलेला असतो. त्याला खोटा ओघळ म्हणतात. अशा बाईचं स्तनाग्र आणखी वर नेलं तर ते ब्लाउजच्या गळ्यातून डोकवायला लागेल. त्यामुळे आधी ओघळ कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवायचं, पद्धत नंतर.

माझ्याकडे आलात तर मी टेप घेते. गळ्याखालच्या खळग्यापासून स्तनाग्रापर्यंत मोजते, मग स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंत. सडपातळ तरुणीत पहिलं माप साधारण १९ ते २१ सेंटीमीटर भरतं. माझ्या वहीत २६, २८ हे रोजचे आकडे आहेत, कधी ३२ पण असतो. डावा-उजवा आकडा बहुधा वेगळाच निघतो. तो ऐकून बायका दचकतात, पण दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेली बाई मी अजून पाहिलेली नाही.

"पोरेस्ले पाजी पाजी व्हयनं हाई." मुलांना अंगावर पाजल्यामुळेच झालं ना?

आमच्याकडे अहिराणीत हे वाक्य इतक्या खात्रीनं येतं की खोडायला जीवावर येतं. पण ते खरं नाही. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी याचा अभ्यास केला. वय, बाळंतपणांची संख्या, वजनातली मोठी चढउतार, मुळात जड स्तन आणि धूम्रपान या गोष्टींचा ओघळण्याशी संबंध दिसला, अंगावर पाजण्याचा दिसला नाही. गरोदरपणात स्तन फुगतात, कातडी ताणली जाते, आणि नंतर ग्रंथी आटली तरी कातडी मागे येत नाही. तुम्ही पाजलंत किंवा नाही पाजलंत तरी हे होतंच. तेव्हा सुनेला "पाजू नको, बिघडशील" असं कुणी सांगत असेल तर त्या माउलीला हे वाचून दाखवा.

आत स्तनाला धरून ठेवणारे बारीक तंतू असतात, त्यांना कूपरचे बंध म्हणतात. ते एकदा लांबले की पुन्हा आखडत नाहीत. तेल, मालिश, क्रीम, टीव्हीवर दाखवतात ते मशीन, यांतलं काहीही त्यांना आखूड करू शकत नाही. व्यायामाने छातीचा स्नायू भरतो, पण स्तन त्या स्नायूच्या वर बसलेला असतो. भिंत मजबूत केली म्हणून तिच्यावर टांगलेली पिशवी वर जात नाही.

पद्धती किती आहेत आणि कोणत्या पद्धतीने कसा आकार येतो?

हा या पानावरचा मुख्य प्रश्न, म्हणून जरा बसून वाचा.

एक गोल कागद घ्या. कडेपासून मध्यापर्यंत त्याची एक फाक कापून टाका आणि उरलेल्या दोन्ही कडा जोडा. पळसाच्या पानाचा द्रोण होतो तसा शंकू तयार होईल. फाक जितकी रुंद, तितका द्रोण उभट. आता दुसरा गोल कागद घ्या. त्याच्या मधोमध मोठं भोक पाडा आणि भोकाची कड दोऱ्याने ओढून लहान करा. कागदाला चुण्या पडतील आणि तो चपटाच राहील. ब्रेस्ट लिफ्टच्या पद्धतींमधला निम्मा फरक या दोन कागदांत आला.

दुसरा कागद म्हणजे वर्तुळाभोवतीची पद्धत. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळालगत कातडीचं एक कडं काढतात आणि बटव्याची नाडी ओढावी तसा आत न विरघळणारा टाका फिरवून ओढतात. पॅरिसच्या बेनेल्ली यांनी १९९० मध्ये हा टाका मांडला. व्रण वर्तुळाच्या कडेवर असल्यामुळे लपतो, म्हणून फोटोत पाहून बायकांना हीच हवी असते. पण त्या कागदासारखंच इथंही होतं. स्तन पुढून चपटा होतो, सुरुवातीला वर्तुळाभोवती चुण्या दिसतात, आणि सगळा ताण त्या एका गोलावर आल्यामुळे वर्तुळ पुढे हळूहळू पसरू शकतं. ओघळ थोडा असेल, स्तन लहान असतील आणि स्तनाग्र दोनेक सेंटीमीटरच वर न्यायचं असेल, तिथं ही पद्धत शोभते. काही जणी फक्त वर्तुळाच्या वरच्या अर्ध्या कडेवर चंद्रकोरीएवढी कातडी काढायला सांगतात. त्याने एखादा सेंटीमीटर हलतो, आकाराला काही होत नाही.

पहिला कागद म्हणजे उभ्या टाक्याची पद्धत. व्रण वर्तुळाभोवती आणि तिथून सरळ खाली घडीपर्यंत येतो. लॉलीपॉपच्या काडीसारखा दिसतो म्हणून याला लॉलीपॉप म्हणतात. फ्रान्सचे लास्सू, बेल्जियमच्या लेजूर आणि कॅनडाच्या हॉल-फिंडले या तिघांनी ही पद्धत वळणावर आणली. हॉल-फिंडले यांचा १९९९ चा लेख तर आमच्या पिढीतल्या प्लास्टिक सर्जननी कोळून प्यायलेला आहे. यात आतल्या ग्रंथीचे दोन खांब एकमेकांकडे आणून शिवतात. त्यामुळे स्तनाचा पाया अरुंद होतो, काखेकडे सांडलेला भाग मध्यावर येतो आणि स्तन पुढे येतो. बाजूने पाहिलं तर आकार सगळ्यांत चांगला याच पद्धतीत येतो, असं माझं मत आहे. मध्यम ओघळ असलेल्या बहुतेक बायकांना मी हीच सुचवते.

तिसरी पद्धत उलट्या टी अक्षराची. उभ्या व्रणाच्या खाली घडीतून एक आडवा व्रण जोडला जातो. याला अँकर, म्हणजे जहाजाचा नांगर, असंही म्हणतात. पण खान्देशात नांगर म्हटलं की डोळ्यांपुढे काळी जमीन येते, त्यामुळे मी चित्र काढूनच दाखवते. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या वाइज यांनी या कापाचा साचा दिला, आणि तो त्यांनी ब्राच्या कापडाची बेतणी पाहून आखला होता. म्हणजे शिंपीकाम आणि आमचं काम यांचं नातं मी उगाच जोडत नाहीये. कातडी फार जास्त असेल, ओघळ तिसऱ्या पायरीचा असेल, किंवा पंचवीस-तीस किलो वजन उतरवून कातडी नुसती लोंबत असेल, तर उभी आणि आडवी दोन्हीकडून कातडी काढावीच लागते. आकार समोरून गोलसर आणि नीटस येतो, ऑपरेशन टेबलावरच बरंचसं अंतिम रूप दिसतं. दोष असा, की खालचा भाग जरा रुंद आणि चौकोनी वाटू शकतो, आणि जिथं तिन्ही व्रण भेटतात तो टोकाचा बिंदू भरायला वेळ लावतो.

मग व्रण जितका लहान तितकं चांगलं, असं नाही?

नाही. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक ताई आल्या होत्या. दोन बाळंतपणं, स्तन बऱ्यापैकी जड, ओघळ दुसऱ्या पायरीच्या पुढचा. त्यांचा एकच आग्रह: "उभा टाका नको, फक्त गोलच करा." मला तेव्हा नाही म्हणायला जमलं नाही. गोल टाका घातला. तीन महिने बरं दिसलं. वर्षभराने आल्या तेव्हा वर्तुळ आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढं पसरलेलं, व्रण रुंद आणि चकाकणारा, आणि स्तन पुढून इस्त्री फिरवल्यासारखा चपटा. शेवटी उभ्या टाक्याची शस्त्रक्रिया करावीच लागली. दुसऱ्या वेळी फी घेतली नाही, पण त्यांचे दोन उन्हाळे गेले ते गेलेच. बारीक, पांढरट झालेला उभा व्रण कपड्यांत कुणाला दिसत नाही. बिघडलेला आकार मात्र ब्लाउजमधूनही कळतो. आता कुणी व्रण मोजायला लागलं की मी आधी विचारते, तुम्हाला काय नको आहे: रेघ, की चपटेपणा?

कातडी तर पुन्हा सैल होणारच. मग आकार कशाने टिकतो?

आतल्या शिलाईने. चांगला लेडीज टेलर अस्तराशिवाय कटोरी ब्लाउज शिवत नाही, कारण वरचं कापड एकटं आकार धरत नाही. कातडी तर कापडापेक्षाही ताणणारी. नुसती कातडी घट्ट करून उचललेले स्तन काही महिन्यांत पुन्हा खाली यायला लागतात. म्हणून ग्रंथी आतून सुटी करून, वर सरकवून छातीच्या स्नायूवरच्या पडद्याला टाक्यांनी अडकवायची आणि कातडीवर शक्य तितका कमी ताण ठेवायचा.

यात एक शब्द तुमच्या कानावर पडेल: पेडिकल. मराठीत सांगायचं तर देठ. स्तनाग्र कापून वेगळं काढत नाहीत. रक्तवाहिन्या आणि नसा असलेल्या मांसाच्या देठावर ते जिवंत ठेवून नव्या जागी नेतात. (देठ म्हटलं की वांगी, पपई अशा उपमा सुरू होतात. बायकांच्या छातीला भाजीबाजार लावणारे डॉक्टर मला आवडत नाहीत, म्हणून मी देठावरच थांबते.) हा देठ कुठून ठेवला यावरही आकार ठरतो. खालचा देठ ठेवला तर सगळं वजन खालच्या अर्ध्यात राहतं. वर्षा-दोन वर्षांत ते वजन घडीच्या खाली घसरतं आणि स्तनाग्र मात्र वर, आकाशाकडे बघत राहतं. वरचा किंवा वरचा-आतला देठ ठेवला तर वरचा भाग जास्त काळ भरलेला दिसतो. काही सर्जन खालच्या भागातलं मांस फेकून न देता त्याची घडी करून वरच्या भागाखाली सरकवतात, म्हणजे स्वतःच्याच मांसाचं इम्प्लान्ट. ज्यांना बाहेरचं काही नको, पण वरून रिकामं वाटतं, त्यांना हे पटतं.

तेव्हा डॉक्टरांना "टाका कुठे असेल?" एवढंच विचारून थांबू नका. "देठ कोणता ठेवणार आणि आत काय शिवणार?" हेही विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस कागद-पेन ओढून चित्र काढायला लागला, तर बरं चाललंय समजा.

मला वरचा भाग भरलेला हवा, पुशअप ब्रा घातल्यासारखा.

एवढं स्पष्ट सांगते: नुसत्या लिफ्टने तो कायमचा येत नाही. पहिले दोन-तीन महिने वर भरलेलं दिसतं, मग गुरुत्वाकर्षण आपला वाटा घेतं. मुळात तशी भर नैसर्गिकही नसते. लंडनमधल्या मालुच्ची आणि ब्रॅनफर्ड यांनी सुंदर मानल्या गेलेल्या स्तनांची मापं घेतली, तर स्तनाग्राच्या वर ४५ टक्के आणि खाली ५५ टक्के असं प्रमाण निघालं. खालचा भाग थोडा जास्त असणं हाच चांगला आकार.

तरीही हवंच असेल तर इम्प्लान्ट किंवा चरबी. इम्प्लान्टने भर येते, पण कातडी घट्ट करायची आणि त्याच वेळी आतून ताण वाढवायचा, या दोन उलट गोष्टी एकाच टेबलावर होतात. म्हणून या जोडशस्त्रक्रियेत पुन्हा टेबलावर यावं लागण्याची शक्यता जास्त असते. पुष्कळ सर्जन ती दोन टप्प्यांत करतात, मीही करते. शिवाय इम्प्लान्ट जन्मभराची वस्तू नाही, आणि तिचं स्वतःचं वजन पुढे कातडीला खाली ओढतं. २०१९ मध्ये खरबरीत पृष्ठभागाचे काही इम्प्लान्ट एका दुर्मीळ प्रकारच्या लिम्फोमामुळे (रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरमुळे) जगभरातून परत मागवले गेले. म्हणून बसवणार असाल तर पृष्ठभाग कोणता ते विचारा आणि त्यासोबत येणारं कार्ड लग्नाच्या अल्बमसारखं जपून ठेवा. पोटाची चरबी भरण्याचा मार्ग सौम्य आहे, पण भरलेल्यातली काही विरघळून जाते आणि फार मोठी भर त्यातून मिळत नाही.

दोन्ही अगदी सारखे होतील का?

जास्त सारखे होतील. हुबेहूब नाही.

ऑपरेशननंतर आठ दिवसांनी पाहिलं तर विचित्रच दिसतंय. फसलं का?

हा फोन मला हमखास येतो, बहुधा रात्री, आणि बाई बाथरूममधून कुजबुजत असते. उभ्या टाक्याच्या पद्धतीत सुरुवातीला स्तन वरून फुगलेला, खालून दाबल्यासारखा सपाट आणि उभ्या व्रणावर चुण्या, असा दिसतो. ते मुद्दाम केलेलं असतं. खालचा भाग पुढे सैलावणार हे माहीत असल्यामुळे आधीच जास्त उचलून ठेवतात. सहा आठवड्यांत सूज उतरते, तीन महिन्यांत स्तन स्थिरावतो, आणि खरा आकार सहा महिने ते वर्षाने ठरतो. व्रणाच्या खालच्या टोकाला कातडीचा छोटा उंचवटा राहिला तर तो नंतर तेवढीच जागा बधिर करून दहा मिनिटांत काढता येतो. पण एक बाजू अचानक टणक, फुगलेली आणि दुखरी झाली, स्तनाग्र काळपट-निळं पडायला लागलं, किंवा ताप आणि पू आला, तर वाट बघायची नाही. त्याच रात्री फोन करा.

व्रण पहिले काही महिने लाल आणि उंच राहतो, मग वर्ष-दीड वर्षात फिकट होतो. आपल्या कातडीला केलॉइडची खोड असते. कान टोचल्यावर किंवा जुन्या जखमेवर गाठ उठली असेल तर आधीच सांगा. सिलिकॉन जेल किंवा पट्टी दोन-तीन महिने नेमाने लावली तर फरक पडतो.

किती वर्षं टिकतं?

वय थांबत नाही, त्यामुळे "कायमचं" असं कुणी म्हणालं तर उठून या. पण जिथून सुरुवात केली तिथं स्तन सहसा परत जात नाहीत. वजन स्थिर राहिलं तर अनेक वर्षं आकार चांगला राहतो. पुन्हा गरोदरपण आलं तर पुन्हा ताण येतोच. म्हणून आणखी मूल हवं असेल तर ते आधी. पाजणं बंद करून सहा महिने जाऊ द्या. वजन उतरवायचं असेल तर आधी उतरवा आणि सहा महिने तिथंच टिकवून दाखवा. बेरीएट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याचं, ऑपरेशन झालेल्या बायकांना मी याहून जास्त थांबवते.

नंतर बाळाला पाजता येईल? आणि तिथली जाणीव?

देठावर ठेवलेल्या स्तनाग्राच्या दूधनलिका बऱ्याच प्रमाणात शाबूत राहतात, म्हणून पुष्कळ जणींना पाजता येतं. हमी मात्र नाही. वर्तुळाच्या थेट खाली जितकं जास्त कापावं लागतं तितका धोका वाढतो. जाणीव मुख्यतः चौथ्या फासळीलगतच्या नसेतून येते. काही आठवडे ते महिने बधिरपणा किंवा उलट झोंबणारा हुळहुळेपणा राहतो. बहुतेकींचा जातो, थोड्यांचा राहतो. हा प्रश्न नवऱ्यासमोर विचारायचा नसेल तर त्याला चहाला पाठवायची सोय आमच्याकडे आहे.

याने कॅन्सर होतो का?

नुसत्या लिफ्टने नाही. पण शस्त्रक्रियेआधी तपासणी हवीच. चाळिशी ओलांडली असेल तर मॅमोग्राफी, त्याआधी सोनोग्राफी. घरात आई-बहिणीला झालेला असेल तर ते लपवू नका. मांस काढलं तर मी ते पॅथॉलॉजीकडे पाठवते. नंतरची मॅमोग्राफी साधारण सहा महिन्यांनी करा आणि तिथल्या डॉक्टरांना ऑपरेशनचं सांगा, नाहीतर आतल्या व्रणाच्या गाठी पाहून उगाच धावपळ होते.

मी सिगारेट ओढत नाही. मग "तंबाखू बंद" असं कागदावर का लिहिलंय?

मशेरीसाठी. "तंबाखू खाता का?" असं विचारलं तर बायका "छे!" म्हणतात, आणि "सकाळी दाताला काय लावता?" असं विचारलं की हसतात. मशेरी भाजलेली तंबाखूच आहे. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि देठावर नेलेलं स्तनाग्र तर त्याच बारीक वाहिन्यांवर जगत असतं. रक्त कमी पडलं तर कड काळी पडते, व्रण उघडतो, आणि मग कितीही सुंदर आखलेला आकार वाया जातो. आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. कुणी लपवून लावली तरी जखम आम्हाला सांगतेच.

त्याच कागदावर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी लिहिलेली असते. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबार, शहादा, शिरपूर, चोपडा भागात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे, आणि भूल देण्याआधी ते माहीत असणं फार महत्त्वाचं. म्हणून मी आडनाव न बघता सगळ्यांचीच करते.

कोणत्या महिन्यात करावं?

शस्त्रक्रिया कधीही होते, पण मला विचाराल तर दिवाळी झाल्यावर. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास असताना सहा आठवडे दिवसरात्र घट्ट सर्जिकल ब्रा घालून बघा. घडीत घाम साठतो, घामोळं येतं, पट्टी सुटते, आणि उलट्या टीचा तो टोकाचा बिंदू नेमका तिथंच असतो.

दुसरं कारण आखाजी. अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसल्याशिवाय राहत नाहीत, आणि झोका म्हणजे दोन्ही हात वर करून दोर धरून अंगाला झोका देणं. मार्चअखेर ऑपरेशन झालेल्या एका ताईंनी मला प्रामाणिकपणे विचारलं होतं, "एका हाताने धरला तर चालेल का?" नाही चालणार. तसंच मांडे. पुरण भरलेला तो मऊ गोळा दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत फिरवत पसरवायचा आणि खापरावर टाकायचा, यात छातीचे सगळे स्नायू लागतात. सहा आठवडे मांडे दुसरीने करावेत, तुम्ही खावेत. हंडा, गव्हाचं पोतं, कडेवर मूल, हेही नाही. भाजी चिरणं, वरण-भात लावणं आठवड्यानंतर चालतं. भाकरी थापायला तीन आठवडे जाऊ द्या. स्कूटीही साधारण तेव्हाच, आणि आपले रस्ते पाहता तोवर गाडीत मागे बसताना छातीला उशी धरा.

भूल कोणती, किती दिवस राहावं लागतं?

पूर्ण भूल, दोन ते तीन तास, बहुधा एक रात्र. झोपायचं पाठीवर, चार ते सहा आठवडे.

खर्च विम्यातून मिळेल का?

सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया म्हणून विमा कंपन्या नाही म्हणतात, आणि वर जीएसटी लागतो. बिल घेताना सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, ब्रा, नंतरच्या भेटी, हे सगळं वेगवेगळं लिहून मागा. आणि व्रण दुरुस्त करावा लागला तर त्याचे पैसे कोण भरणार, तेही आधीच विचारा. यात संकोच नको. सोनं घेताना घडणावळ विचारतोच ना आपण?

सुरत, नाशिक, पुण्याला जावं की इथंच?

शहर बघू नका. एमएस नंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी केलेला सर्जन आहे का, ते बघा. नुसता "कॉस्मेटिक" असा बोर्ड म्हणजे ती पदवी नव्हे. त्यांनी स्वतः केलेल्या शस्त्रक्रियांचे, तुमच्यासारख्याच शरीराचे, वर्षभरानंतरचे फोटो मागा. महिन्याभरातले फोटो सगळ्यांचेच छान असतात. बाहेरगावी करणार असाल तर टाके, ड्रेसिंग आणि ती रात्रीची अडचण यासाठी परत कसं पोहोचणार, हे आधी ठरवा.

"लोके काय म्हनतीन?"

लोकांना सांगायचंच कशाला? आठ दिवस माहेरी गेलात एवढं पुरतं. ही हौस आहे, गरज नाही, हे मी प्रत्येकीला सांगते. न करूनही काही बिघडत नाही. पण घडीत सतत चिखल्यासारखं होतं, खांद्यात ब्राचे पट्टे रुततात, पाहुण्यांसमोर वाकताना पदर आवळावा लागतो, हे ज्यांना रोज सोसावं लागतं त्यांना "या वयात काय?" असं म्हणणंही मला पटत नाही. नवऱ्याच्या आग्रहाखातर आलेल्या बाईला मात्र मी एकटीला पुन्हा बोलावते.

पहिल्या भेटीला काय आणू? तपासताना कोण असतं?

खोलीत नर्सताई असतात, तुमच्यासोबतची बाईही थांबू शकते. फोटो काढतो, त्यात चेहरा येत नाही, आणि तुमच्या सहीशिवाय तो कुणाला दाखवत नाही. जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पानं (रक्त पातळ करण्याची, थायरॉइडची, साखरेची), आणि तुम्हाला सगळ्यांत छान बसतो असा एक ब्लाउज आणा. मासिकातल्या नटीचा फोटो नको, ब्लाउजच हवा. तो पाहिला की तुमच्या मनात कुठला आकार आहे ते मला लगेच कळतं.